पान्हा आणि वजनकाटा

११ जानेवारी

ही वही ऑफिसची आहे. तपासणीची नोंदवही, शंभर पानी, रकाने छापलेली: दुकान, काटा क्रमांक, त्रुटी, शेरा. आता सगळं कॉम्प्युटरवर गेल्यामुळे कपाटात अशा चाळीसेक वह्या धूळ खात पडल्या आहेत. साहेबांना विचारून एक घरी आणली. साहेब म्हणाले, "न्या न्या, पण शेऱ्याच्या रकान्यात जपून लिहा. तुमचे शेरे फार जिव्हारी लागतात लोकांच्या." मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. अकरा वर्षं दुकानादुकानांतून पितळी वजनांची पेटी घेऊन हिंडते आणि कोणाचा काटा किती खोटं बोलतो ते बघते. त्यामुळे बाजारात मला नमस्कार पुष्कळ मिळतात, मैत्रिणी मात्र एक-दोनच आहेत.

लिहायला बसण्याचं कारण एक डाग. आज भाजीवाल्याच्या काट्यावर वाकले होते, तेवढ्यात त्याची बायको जवळ येऊन कानात म्हणाली, "बाई, शर्टावर काहीतरी सांडलंय तुमच्या." बघते तर डावीकडे बटणाएवढा पिवळसर डाग. सकाळपासून मी चहा आणि दोन टोस्ट सोडून काही खाल्लेलं नव्हतं. पाचवा महिना सरत आलाय, त्यामुळे अंगावर रोज काहीतरी नवीन निघतंच, पण हे नवीन जरा जास्तच नवीन होतं.

घरी आल्यावर आईला फोन लावला. आई दुसऱ्या गावी असते, तिचं बटणं-दोऱ्यांचं दुकान आहे, आणि डाग या विषयात तिचा शब्द शेवटचा. मी सांगितलं तर पलीकडे बटणांचा डबा बंद केल्याचा आवाज आला.  मग म्हणाली, "मलाही पडायचे असले, तुझ्या वेळी. साबण खराब होता. साबण बदल."

साबण बदलला.

१९ जानेवारी

साबण परत जुना आणला. डॉक्टरीणबाई डागाची हकीकत ऐकून मनापासून हसल्या. तो डाग चिकाचा. म्हणे दूध बाळंतपणानंतर येतं असं सगळ्यांना वाटतं, पण कारखाना पाचव्या महिन्यापासूनच सुरू होतो. चीक तयार होऊन आत बसून राहतो. कुणाचा बाहेर डोकावतो, कुणाचा शेवटपर्यंत डोकावत नाही, त्यावरून पुढचं काहीच ठरत नाही. बाळ जन्मलं आणि वार पडली की शरीराला निरोप जातो, आणि मग दोन ते चार दिवसांत खरं दूध भरून येतं.

"दोन की चार?" मी विचारलं.

"दोन ते चार."

"पण नक्की किती तास धरायचे?"

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही काय काम करता हो?"

मी सांगितलं.

"तरीच," म्हणाल्या.

मी वहीत दोन दिवस लिहून घेतले. मर्यादा दिलेली असली की त्यातली कडक बाजू धरायची ही आमच्या खात्याची शिस्त आहे, नाहीतर दुकानदार डोक्यावर बसतात. आईलाही फोनवर तेच सांगितलं: दोन दिवसांत दूध येतं. ती म्हणाली, "हो, दोन दिवसांतच यायला हवं," आणि तिला दुकानात गिऱ्हाईक आलं.

२ फेब्रुवारी

बाळाचं नाव पावशेर. हे नवऱ्याने ठेवलं. सोनोग्राफीत वजन पाचशे ग्रॅमच्या आसपास आलं होतं, तरी त्याने पावशेरच ठेवलं, यावरून या माणसाची मोजमापाशी ओळख किती आहे ते कळावं. तो बेकरीवाला आहे. पीठ ओंजळीने घेतो, मीठ चिमटीने, पाणी देवाच्या भरवशावर, सगळा अंदाजपंचे कारभार, आणि पाव मात्र रोज सारखा उतरतो. लग्नाआधी त्याने एकच अट घातली होती: बेकरीत पितळी वजनांची पेटी घेऊन यायचं नाही. मी कबूल झाले. प्रेम आंधळं असतं म्हणतात ते असं.

आज आईने फोनवर घराण्याचा इतिहास सांगितला. आपल्याकडे बायकांना दूध येत नाही. आजीला नाही आलं, तिला नाही आलं, धाकट्या मावशीला नाही आलं. "मोठी नाकं आणि दूध नाही, हीच आपली खूण," ती हसत हसत म्हणाली. "खाण तशी माती."

"अगं पण मला डाग पडतोय की," मी म्हटलं.

"डागांनी पोट भरत नसतं पोराचं."

मला राग आला. मी अजून परीक्षेलाच बसले नाही आणि ही बाई निकाल लावून मोकळी. मी फोन ठेवला आणि नवऱ्याजवळ कुरकुर केली. तो म्हणाला, "आईंना काळजी वाटते तुझी." हा मनुष्य सासूची बाजू घेण्याची एकही संधी सोडत नाही.

२३ मार्च

सहा आठवडे झाले, एकही डाग नाही. रोज पांढरा रुमाल ठेवून बघते. रुमाल कोरडा ठणठणीत. उत्पादन बंद, कारण अज्ञात.

नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "दुकानाचं दार लावलेलं असलं म्हणजे आत पीठ नाही, असं असतं का?" बोलायला काय जातं. मला आई आठवली आणि तिचं ते नाकांचं. खरं सांगायचं तर भीती वाटली. मला हे जमलं पाहिजे असं मनातून फार वाटतं, का ते मला सांगता येत नाही. बाटलीवर वाढलेली माणसं काय कमी असतात? मीच बाटलीवर वाढले आणि चांगली साडेपाच फूट झाले. तरीपण वाटतं.

२९ एप्रिल

आई आली. दुकान मावशीवर सोपवून दीड महिना राहणार आहे. एका बॅगेत तिचे कपडे, दुसऱ्या बॅगेत दुधाच्या पावडरीचे सहा डबे. सहा! ओट्यावर तिने ते ओळीने मांडले आणि लेबलं पुढे केली, दुकानात मांडतात तशी.

"हे काय आहे?" मी.

"असू देत. लागले तर लागले."

"आणि नाही लागले तर?"

"तर मी आणि जावईबापू चहात घालून पिऊ."

दोघं हसले. मी हसले नाही. ते डबे मी कपाटावर अगदी मागे ढकलून ठेवले, म्हणजे नवऱ्याला ढकलायला लावले. संध्याकाळी बघते तर आईने स्टूल घेऊन त्यातला एक पुन्हा खाली काढून ठेवलेला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं म्हणतात. पण हिचं तोंड पोळायला दूध आलंच कुठे होतं?

१० मे

आई घर चकचकीत करते, सूप उकळते, दुपट्यांना काठ शिवते, आणि मधूनमधून माझ्या छातीकडे अशी बघते, जशी मी एखाद्या बनेल दुकानदाराच्या काट्याकडे बघते. "ओलं झालं का गं काही?" दिवसातून तीनदा. नाही म्हटलं की "बरं" म्हणते आणि खोलीतून निघून जाते. तिला माझ्यात खोट काढायची एवढी का घाई आहे, देव जाणे.

साहेबांनी एक काटा घरी पाठवला. नव्या आलेल्यांना शिकवायला होता तो, मोठ्या पसरट ताटाचा, एका ग्रॅमपर्यंत दाखवतो. मी स्वतः बैठक समतल करून, पितळी वजनांनी तपासून घेतला. त्रुटी शून्य. या घरात भरवशाचं काहीतरी आलं म्हणायचं.

१५ मे, सकाळ, दवाखाना

काल संध्याकाळी साडेसहाला मुलगा झाला. ३१८० ग्रॅम. नाक आमच्याकडचंच. दवाखान्याच्या काट्यावरचं पडताळणीचं सील मागच्या वर्षीचं होतं, ते मी टेबलावरून बघितलं आणि बोलूनही दाखवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "निरीक्षकबाई, आधी टाके घालून होऊ द्या, मग आम्हाला नोटीस द्या."

बाकी काय लिहू. तो माझ्याकडे बघत होता. एवढंच.

१५ मे, संध्याकाळ

चीक आहे! दाबलं की थेंब थेंब येतो, दाट, पिवळा. वॉर्डातली नर्स म्हणाली, सध्या एवढंच लागतं, त्याचं पोट गोटीएवढं आहे, तो मागेल तेव्हा घ्या. मी "प्रत्येक वेळी किती थेंब" असं विचारल्यावर तिला दुसऱ्या खाटेवरून कोणीतरी हाक मारली. मला तरी हाक ऐकू आली नाही.

आई पाळण्याजवळ बसून आहे. तिने मला आज एकदाही काही विचारलं नाही.

१६ मे

घरी आलो. जन्माची वेळ शून्य धरली तर संध्याकाळी साडेसहाला दोन दिवस भरले. दूध नाही. थेंब आहेत, दूध नाही. साडेसहाला मी घड्याळाकडे बघितलं आणि त्याच वेळी आईनेही बघितलं. मग तिने नजर फिरवून दुपट्याची घडी घातली. घडी घातलेल्याच दुपट्याची.

पावशेर ३०२० वर आला. दोन दिवसांत एकशे साठ ग्रॅम तूट. एखाद्या दुकानात एवढी तूट सापडली असती तर मी काय केलं असतं ते लिहीत नाही.

१७ मे, सकाळ

संपलं सगळं. शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

आज ठरवलं, अंदाज पुरे झाले, आता मोजूनच बघायचं. पाजण्याआधी वजन, पाजल्यानंतर वजन, फरक म्हणजे प्यालेलं दूध. सोपा हिशोब. आणि मोजायचं ते निव्वळ वजन. मिठाईवाल्यांशी माझं अकरा वर्षं भांडण आहे ते याचंच, खोक्यासकट मिठाई तोलायची आणि पुठ्ठा लोकांच्या गळ्यात मारायचा. माझ्या घरात लंगोटासकट मूल तोललं जाणार नाही. तर लंगोट काढून, उघडा, पहिलं वजन: २९४६. मग स्वच्छ कोरडा लंगोट बांधून पस्तीस मिनिटं पाजलं. दोन्ही बाजू. तो चोखत होता, गिळल्याचा आवाजही मला ऐकू आला असं वाटलं. मग लंगोट काढून, उघडा, दुसरं वजन: २९२१.

पंचवीस ग्रॅम कमी.

तीनदा बघितलं. काटा पितळी वजनांनी पुन्हा तपासला. काटा बरोबर. म्हणजे पस्तीस मिनिटं पिऊन माझं मूल पंचवीस ग्रॅमने हलकं झालं. याच्याआधी जगात कुठल्याही आईने मुलाला असं पाजलं नसेल. मी खाली जमिनीवर बसले आणि मोठ्याने रडले. पावशेर दचकून तोही रडायला लागला.

आई आली, आकडे बघितले. पाणी उकळायला ठेवलं. खाली काढून ठेवलेला तो डबा हातात घेतला आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी म्हटलं, "उघड." आणि सांगायला हरकत नाही, हिच्या हातून न उघडलेलं झाकण मी जन्मात पाहिलं नाही, गंजलेल्या बरण्या घेऊन शेजारणी हिच्याकडे येतात. आज हिला पावडरीच्या डब्याचं झाकण उघडेना. चमचा घेतला, चमचा निसटला. पुन्हा घेतला.  म्हातारी झाली आई, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"थांब, हाताला घाम आलाय," म्हणाली आणि हात पुसायला गेली. पाच मिनिटं झाली तरी हातच पुसते आहे. तोवर मी हे लिहून घेतलं.

१७ मे, दुपार

पुढचं.

आई हात पुसत होती तेवढ्यात नवरा बेकरीतून आला, केसांत पीठ. आमचे चेहरे बघून आधी पाळण्याकडे धावला. पावशेर ठीक आहे म्हटल्यावर त्याने रकाने वाचले. मग जमिनीवर पडलेला लंगोट उचलला आणि हातावर तोलला, रोज सकाळी कणकेचा गोळा तोलतो तसा.

"हा कधीचा?"

"आत्ताचा. पाजताना होता."

"आणि हा कोरडा किती भरतो?"

"बावीस ग्रॅम." लंगोटांचं वजन मी आधीच करून ठेवलं होतं. माझ्या कामात कसूर नसते.

"मग यात अजून पस्तीस एक आहेत," तो म्हणाला. "दोन्ही प्रकारचे."

मी मग लंगोट हिसकावून घेतला आणि काट्यावर टाकला. छप्पन्न. त्यातून बावीस गेले, चौतीस. चौतीस ग्रॅम पावशेराने पाजता पाजताच खाली टाकले होते आणि मी निव्वळ वजनाच्या नादात ते काढून बाजूला ठेवले होते. वजन पंचवीस घटलं, खाली गेले चौतीस, म्हणजे पोटात नऊ ग्रॅम तरी गेले. मुलगा प्याला होता! लंगोटासकट दोन्हीदा तोलला असता, तर बाहेर गेलेलं बाहेर न धरता सरळ नऊच दिसले असते. शिकाऊ माणसालाही सुचलं असतं. दिव्याखाली अंधार.

"तू पस्तीस म्हणालास," मी म्हटलं. "चौतीस आहेत."

"एका ग्रॅमची सूट देत नाही का तुमचं खातं?"

देतं. मी त्याच्या पिठाळ खांद्यावर डोकं ठेवून पुन्हा रडले, पण हे रडणं वेगळं होतं. आईने डबा ओट्यावर ठेवून दिला आणि पाण्याखालचा गॅस इतक्या लगबगीने बंद केला, की जणू ती याचीच वाट बघत होती.

मग आतल्या खोलीत जाऊन मी सिस्टरना फोन लावला, घरोघरी बाळंतिणींना बघायला येतात त्या. त्यांनी किती लंगोट ओले झाले, बाळ जागं होतं का, ओठ ओले आहेत का, सगळं विचारलं. म्हणाल्या, सुरुवातीला वजन थोडं उतरतंच, दहा टक्क्यांच्या आत आहात, सारखं सारखं अंगावर घेत राहा, आणि सुस्त वाटला किंवा लंगोट कोरडे राहिले तर तडक डॉक्टरांकडे न्या. परवा येते. "आणि तो काटा तेवढा माळ्यावर टाका."

काटा माळ्यावर गेला. शासकीय काटा आहे, नीट गुंडाळून टाकला.

१८ मे

आलं!

सकाळी सहाला जाग आली ती गरम, जड, दुखऱ्या छातीने. उठून बसले तर शर्ट, चादर, उशीचा कोपरा, सगळं ओलं. मी हाक मारली की किंचाळले, कोण जाणे, आई धावत आली. मी नुसतं बोट दाखवलं. पावशेराला लावलं तर त्याला पहिल्या घोटाला ठसकाच लागला, मग चेहरा लाल करून कामाला भिडला आणि दुसऱ्या बाजूने दूध आपोआप ठिबकायला लागलं, बोलावलं नव्हतं तरी. मी हसत होते. किती येतंय, मोजलं नाही. मोजावंसंही वाटलं नाही, हे साहेबांना सांगू नये.

नवऱ्याला बेकरीत फोन केला. त्याने तिथल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं, म्हणजे आता पाव घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ही बातमी कळणार.

आई मात्र गंमतच करते आहे. मला वाटलं होतं, घराण्याचा इतिहास खोटा पडला म्हणून थट्टा करेल, नाहीतर हरल्याबद्दल मला खायला तरी घालेल. ती पलंगाच्या कडेला बसून त्या ओल्या शर्टाकडे बघत राहिली. मग बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं. "बुधवारची सांज... गुरू, शुक्र, शनी... आज चौथा," एवढं माझ्या कानावर आलं. चादर धुवायला घेऊन गेली ती दुपारपर्यंत बाहेरच आली नाही.

१९ मे

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवायचं आहे, म्हणून सावकाश लिहिते.

सिस्टर अकराला आल्या. पन्नाशीच्या, मोठ्या पिशवीच्या, आवाज खणखणीत. त्यांच्याजवळ लटकवायचा काटा होता, मी त्यावरचं सील बघितलं, चालू वर्षाचं होतं, मग त्यांच्याबद्दल आदर वाटला. पावशेर २९९०. वर चढायला लागला. मी कसं पाजते ते त्यांनी बघितलं, त्याची हनुवटी जरा जवळ आणून दिली, म्हणाल्या, "उत्तम. तुम्हाला आता माझी गरज नाही, गप्पांसाठी येत जाईन."

आई चहा घेऊन आली. कप ठेवला आणि बशीकडेच बघत म्हणाली, "सिस्टर, चौथ्या दिवशी आलं, म्हणजे तसा उशीरच झाला ना?"

"छे हो. पहिलटकरणीला तिसरा-चौथा दिवस म्हणजे अगदी वेळेवर. एखादीला पाचवाही लागतो."

"दोन दिवसांत यायला हवं, असं नाही?"

"असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी सांगितलं होतं. जानेवारीत, फोनवर, कडक बाजू धरून. मी मान खाली घालून पावशेराची पाठ चोळत बसले.

आईने विचारलं, "आणि दुसऱ्याच दिवशी डबा सुरू केला, बाळाला अंगावर घेतलंच नाही, तर मग येत नसेल?"

"येतं की. शरीराला काय माहीत तुम्ही डबा आणलाय ते? ते आपल्या वेळेला दूध पाठवतंच. छाती दगडासारखी होते, अंग तापतं, कपडे भिजतात. पण घ्यायला कोणी नसलं की मग हळूहळू आटतं."

"वरून फडकं घट्ट बांधलं तर?"

"मग दुखतं फार. आणि आटतं लवकर." सिस्टरनी कप उचलला आणि आईकडे जरा थांबून बघितलं. "पूर्वी सर्रास बांधायच्या, ताई. कोणाला माहीत होतं?"

"बिस्किटं आणते," आई म्हणाली आणि आत गेली. बिस्किटं टेबलावरच होती.

सिस्टर गेल्यावर पावशेराला पाळण्यात ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याला टेकून उभी होती. मी काही विचारलं नाही, तीच बोलायला लागली, माझ्याकडे न बघता.

"चौथ्या दिवशी ताप आला होता मला. अंग नुसतं फणफणलं होतं. तुझी आजी म्हणाली, गारठा बाधला. छातीला फडकं बांधलं तिने, घट्ट. ते ओलं व्हायचं. ती सोडायची, दुसरं बांधायची. दोन दिवस आम्ही फडकीच बदलत होतो. मी विचारलंसुद्धा तिला, आई, हे काय येतंय गं? म्हणाली, घाम. तापाचा घाम आहे." तिने पदर... नाही, पदर कुठला, ॲप्रनच तो, त्यानेच तोंड पुसलं. "तू शेजारी बाटली पीत होतीस. आणि मी फडकी पिळत होते."

मला तिच्या गेल्या पाच महिन्यांची सगळी वाक्यं आठवली आणि स्वतःची लाज वाटली. सहा डबे तिने मला हिणवायला आणले नव्हते. मी तिच्यासारखी रडत बसू नये म्हणून आणले होते, आणि उघडायची वेळ आली तेव्हा तिलाच ते उघडवले नाहीत. मी एवढी निरीक्षक, आणि समोर उभी असलेली माझी आई मला वाचता आली नाही.

मी तिला मिठी मारली. दूध पुन्हा सुटलं आणि तिचाही ॲप्रन भिजला. मी म्हटलं, "आई, मला काही कमी पडलं नाही गं. बघ ना केवढी घोडी झाले."

"तुला नाही पडलं," ती म्हणाली. "मला पडलं."

 आम्ही तशाच उभ्या राहिलो. मग तिने नाक शिंकरलं, चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं आणि फोन उचलला. मावशीला लावला. मावशी दुकानात असणार, मागे गिऱ्हाइकांचा गलका मलाही ऐकू येत होता.

"हातातलं काम ठेव आणि बस खाली," आई म्हणाली. "बसलीस? मला एक सांग. तुझ्या पोरीच्या वेळी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, ताप आला होता तुला? ... आणि कपडे भिजत होते? ... आठव नीट. ... हो. हो, मलाही घामच सांगितलं होतं."

मग ती फोन कानाशी घट्ट धरून मावशीचं ऐकत राहिली.  आई हळूहळू खाली जमिनीवर बसली, पाठ भिंतीला टेकवली, आणि लहान बहिणीशी बोलायच्या आवाजात म्हणाली, "नाही गं वेडे, आपल्यात काही खोट नव्हती. आलं होतं आपल्याला."